माझी फळं का गळत होती

मित्रांनो, आमच्या धाकट्या मालकाला धीर म्हणून नाही. कोवळी फळं गळली की सगळा दोष माझा! मी पर्सिमनचं, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या गोड फळाचं, जुनं झाड आहे. झाड असले तरी माझी फुलं सगळी मादीची, तेव्हा मी बाईसारखीच बोलणार.

त्याच्या वडिलांनी मला लावलं तेव्हा मी काठीएवढी होते. पुढे केशरी फळांनी अशी लगडले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. येणारा-जाणारा माझ्यापाशी थांबायचा, आणि मी मुद्दाम फांद्या डोलवायचे.

शेजारी नरफुलांचं एक झाड होतं. ते फळ देत नसे, पण मधमाश्या त्याचे पराग माझ्या फुलांवर आणत, म्हणून माझं फळ देठाला घट्ट धरून राही. बाग धाकट्याच्या हाती आली. "हे नुसतं जागा अडवून बसलंय," म्हणत त्याने ते तोडलं. पुढच्या बहरात माझी फळं अंगठ्याएवढी होऊन टपाटप गळली. त्याने खत ओतलं. पानं माजली, फळं आणखी गळली. मग तो करवत घेऊन आला.

"या बहरात फळ टिकलं नाही, तर हेही काढतो."

त्याची आत्या तिथेच उभी होती.

"अरे शहाण्या, नवऱ्याला हाकललंस आणि बाईला विचारतोस, पदरात पोर का नाही?"

"आत्या, झाडांना कसला नवरा?"

"तुला नसेल कळत, मधमाशीला कळतं. बादल्या आण!"

तिने आपल्या परसातल्या नरझाडाच्या फुललेल्या फांद्या आणल्या आणि पाण्याच्या बादल्यांत घालून माझ्या अंगाखांद्यावर टांगल्या. पण नेमकी हवा गारठली. मधमाश्या पोळ्याबाहेर पडेनात. फुलांचं आयुष्य ते किती! माझा जीव टांगणीला लागला.

एका सकाळी ऊन पडलं आणि गुणगुण ऐकू आली. फार तापलं असतं तर फुलं सुकली असती, पण ऊब बेताची राहिली. हुश्श!

थोडी फळं गळली. सगळ्यांना पोसायला माझ्या अंगात बळ कुठलं? बाकीची चिकटून राहिली, पिकली. करवत परत अवजारांच्या खोलीत गेली. धाकटा हसत माझ्या खोडावर थाप मारायला आला, तेव्हा मी पानं सळसळवून मोठ्याने म्हणाले,

"थापा नकोत, खड्डा खण! शेजारी नरझाडाचं रोप लाव आणि नीट सांभाळ. कोण कुणाच्या उपयोगी पडतं हे कळेपर्यंत करवतीला हात लावू नकोस, गाढवा!"