माझ्या पोटात पाणी नव्हतं

मी एक जुनी, तांबड्या रबराची शेकायची पिशवी आहे. मित्रांनो, नुसती जुनी म्हणून नाक मुरडू नका. माझं बूच अजून मूळचंच आहे आणि माझ्या वयाच्या कितीतरी पिशव्या कडेला चिरून कधीच कचऱ्यात गेल्या. थोडा तोरा खपवून घ्या. पुढे जे सांगणार आहे, त्यात तोरा मिरवायला फारशी जागा नाही.

माझा जन्मच भट्टीतला. कारखान्यात मला साच्यात दाबून भाजलं, थंड केलं, मग पाणी भरून जमिनीवर आडवं ठेवलं. तिथली एक धिप्पाड बाई आली आणि चक्क माझ्यावर उभी राहिली. थेंबही गळला नाही. "पास," एवढंच ती म्हणाली. पुढे माझं पुष्कळ कौतुक झालं, पण त्या एका शब्दाची सर कशालाच आली नाही.

औषधांच्या दुकानातून मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने घरी आणलं. घरात माणसं तीन. मिस्त्री, त्याची बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. हा भाऊ तिला ताई म्हणे, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. मिस्त्रीला तो दाजी म्हणायचा आणि त्याच्याच हाताखाली काम शिकला होता. गिऱ्हाइकांना मिस्त्री त्याची ओळख करून द्यायचा, "हा माझा मेहुणा. माझ्यापेक्षा हुशार आहे, पण त्याला सांगू नका." मेहुणा शेजारीच उभा असायचा.

ते दिवस माझे होते. ताईचं पोट दुखो, मेहुण्याची मान आखडो, आधी माझी आठवण व्हायची. पाणी तापेपर्यंत मी ओट्यावर ऐटीत पडलेली असायची. जेवताना त्यांच्या गप्पा ऐकून मला त्यांचं काम पाठ झालं होतं. त्यातला एक नियम तुम्हाला सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

लिफ्टच्या कामात दोन माणसं दोन ठिकाणी असतात. एक वर मशीनरूममध्ये, मोटर आणि मुख्य स्विचपाशी. दुसरा खाली, लिफ्टच्या टपावर, दोर आणि कप्पीपाशी. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. खालचा हाक देतो, "बंद?" वरचा स्विच पाडतो, फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घालतो आणि मगच उत्तर देतो, "बंद. फ्यूज खिशात." हे शब्द ऐकल्याशिवाय खालच्याने कप्पीत हात घालायचा नाही. मिस्त्रीने हा नियम मेहुण्याच्या इतका अंगवळणी पाडला होता की ताईने घरात "गॅस?" असं विचारलं, तरी दोघं एका सुरात म्हणायचे, "बंद. फ्यूज खिशात."

मग एके दिवशी मिस्त्री लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात घसरला, तो थेट पाठीवर. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुखण्यावर जबर गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, ह्या थोड्याच दिवसांसाठी. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत गोळ्यांनीच त्याला तारलं. कापलेल्या पाठीला मी काय कपाळ शेक देणार होते? तरी मला त्यांचा राग यायचा. घरात सवत आल्यासारखं वाटायचं.

जखम भरली, पण कंबरेतली कळ राहिली आणि गोळ्याही राहिल्या. आधी एका गोळीत भागायचं, मग भागेना. गोळीला उशीर झाला की मिस्त्रीला घाम फुटायचा, जांभयांवर जांभया यायच्या, पाय एका जागी ठरायचे नाहीत. त्याला वाटायचं दुखणंच वाढलंय. मग दुसरा डॉक्टर, तिसरं दुकान, आणि प्रत्येक ठिकाणी नवी थाप. घास हातात धरून तो पेंगायला लागला, तेव्हा ताईने घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा करून फेकून दिल्या. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ताईने ती खरी मानली.

मी तेव्हा कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होते. पोट कोरडं, अंगावर धूळ. ताई बाहेर गेलेली असताना मिस्त्रीने मला खाली घेतलं, तेव्हा मी हरखून गेले. म्हटलं, आली बाई माझी आठवण. पण मिस्त्रीच्या हातात पाण्याचं भांडं नव्हतं. पाकिटांतून सोडवलेल्या गोळ्यांची मूठ होती. त्याने त्या माझ्या तोंडातून आत सोडल्या, खुळखुळ होऊ नये म्हणून वर कापूस कोंबला आणि बूच घट्ट आवळलं.

त्या दिवसापासून मी त्याच्या हत्यारांच्या पिशवीतून कामावर जाऊ लागले. "कंबरेला शेक लागतो," तो सांगायचा. मेहुण्याला तेवढं पुरे होतं. दाजींच्या शब्दावर शंका घेणं त्याला माहीतच नव्हतं. लोक माझ्याकडे बघून मिस्त्रीची कीव करायचे आणि मी तोंडात बूच घालून गप्प. मित्रांनो, ज्याच्यासाठी आपण जन्मलो त्याच माणसाचं नुकसान पोटात घेऊन फिरायचं, ह्याच्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

आणि मग तो दिवस आला.

इमारत उंच होती. मेहुणा खाली लिफ्टच्या टपावर, मिस्त्री वर मशीनरूममध्ये आणि मी त्याच्या पायाशी. त्याने सकाळपासून तीनदा माझं बूच उघडलं होतं. मोटरशेजारच्या भिंतीला टेकून तो बसला आणि त्याची मान छातीवर उतरत गेली. खालून हाक आली, "बंद?"

मिस्त्रीने डोळेही उघडले नाहीत. पण जीभ सरावाची होती. "बंद," ती म्हणाली, "फ्यूज खिशात."

स्विच चालू होता. फ्यूज जागेवर होता. हे मला दिसत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. खाली मेहुण्याने नियमाप्रमाणे शब्द ऐकला आणि नियमाप्रमाणे हात घातला. तेवढ्यात कुठल्याशा मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं. माझ्यासमोरची मोटर घुमली, दोर सरकले, आणि खालून जी किंकाळी आली ती मी जन्मात विसरणार नाही.

मिस्त्री दचकून जागा झाला. त्याने धडपडत स्विच पाडला. मग फ्यूजकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, फ्यूज उपसला आणि खिशात घातला.

मेहुणा वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. एका हातात हातमोजा होता, दुसरा हात उघडा. त्या हाताचा मोजा कप्पीने ओढून नेला होता. बोटं शाबूत होती.

"दाजी, फ्यूज?"

मिस्त्रीने खिशातून काढून दाखवला.

"मग करंट दुसरीकडून येत असणार," मेहुणा म्हणाला. "माझंच चुकलं. आधी तपासायला हवं होतं मी."

मला वाटलं, मिस्त्री आता तरी बोलेल. पण तो माझं बूच चाचपत बसला.

संध्याकाळी तिघं घरी होते. मिस्त्री खाटेवर पडला होता आणि भिंतीकडे बघत होता. मेहुणा बहिणीला हळू आवाजात म्हणाला, "ताई, आज दाजी फार घाबरलेत. कंबरही बोलत असेल. जरा शेक दे त्यांना." तिने पाणी तापायला ठेवलं आणि हत्यारांच्या पिशवीतून मला बाहेर काढलं.

मिस्त्री उठून बसला. "राहू दे."

"राहू दे काय? दिवसभर वागवता आणि घरी नको?"

तिने बूच काढलं. मिस्त्रीचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. काय म्हणून अडवणार होता? भांड्यातून वाफ येत होती, ताई भावाला त्याचा हात दाखवायला सांगत होती, तिचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात गरम पाणी आलं. आत सगळ्या गोळ्या फुगल्या, फुटल्या आणि विरून गेल्या. ताईने मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या कंबरेखाली सरकवलं आणि ती भावाला घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मिस्त्री माझ्यावर जेमतेम काही क्षण पडून राहिला. मग त्याने मला ओढून काढलं, बूच फिरवलं आणि माझं तोंड स्वतःच्या तोंडाला लावलं.

मित्रांनो, मी आजवर कितीतरी पोटं शेकली. पण माझ्यातलं पाणी कुणी प्यायला पाहिलं नव्हतं. रबराच्या वासाचं, कापसाच्या तंतूंचं, चटका देणारं पाणी. पहिला घोट त्याच्या घशाखाली उतरतोय तोच ताई दारात आली. तिने धावत येऊन मला हिसकावलं. पाणी जमिनीवर सांडलं आणि फरशीवर पांढरा गाळ पसरला.

ताईने वाकून गाळाला बोट लावलं. तिच्यामागे मेहुणा उभा होता. त्याने फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उघड्या हाताकडे पाहिलं.

"दाजी," त्याने विचारलं, "मी हाक दिली तेव्हा फ्यूज खिशात होता का?"

मिस्त्रीची मान खाली होती. "नाही."

मेहुणा बाहेर निघून गेला. रात्री परतलाच नाही. मिस्त्री लहान पोरासारखा रडला, आणि ताईही रडली, पण तिने त्याचा हात सोडला नाही.

त्याच संध्याकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे काय झालं ते मला मागाहून तिच्या तोंडून कळलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्या व्यसनाला वाईट माणूस लागत नाही. दुखणारा माणूस पुरतो. एकदम बंद केलंत तर शरीर बंड करेल. आपण थोडं थोडं कमी करत जाऊ. आणि आत्ताच सांगते, दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. ते असताना जगता यावं, एवढं नक्की करू." ठरल्याप्रमाणे गोळ्या ताईकडे आल्या, कुलपाच्या डब्यात. आणि मेहुणा? तो दुसऱ्या दिवशी आला, दारातच चपला काढत म्हणाला, "चहा आहे का?" एवढ्यावर त्याने घरात पाऊल टाकलं.

माझं काम पुन्हा सुरू झालं. पण ते सुखाचं होतं असं समजू नका. मिस्त्रीला घाम फुटायचा, अंगावर काटा यायचा, तो सगळ्यांवर खेकसायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याला मांजरासारखं ओणवं करून पाठ वरखाली करायला लावायच्या, तेव्हा तो त्यांना मनात काय काय म्हणायचा ते मी इथे सांगत नाही. थोडं चालायचं, थोडं बसायचं, कळ यायच्या आत थांबायचं. हे थांबणंच त्याला सगळ्यांत जड गेलं. एकदा त्याने मला भिंतीवर फेकून मारलं. मी फुटले नाही. त्या धिप्पाड बाईने मला उगाच पास केलं नव्हतं.

एका दुपारी ताई बाजारात गेली होती. हवेत गारठा होता आणि मिस्त्रीची कंबर सकाळपासून ठणकत होती. त्याने मला पंच्याने कंबरेला बांधलं होतं, पण मी काही पुरी पडत नव्हते. शिवणाच्या डब्यात चावी असते हे त्याला माहीत झालं होतं. त्याने ती काढली. कुलपापाशी बसला. चावी आत घातली. त्याचा श्वास मला पाठीतून कळत होता. मला वाटलं, संपलं सगळं.

मग त्याने दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि मेहुण्याला लावला.

"बंद?" त्याने विचारलं.

पलीकडून मेहुणा म्हणाला, "हात बाहेर ठेवा दाजी. मी येतोय."

"लवकर ये."

मेहुण्याने फोन ठेवला नाही. धापा टाकत, जिने उतरत, रस्ता ओलांडत तो बोलत राहिला. कुठल्या दोराला ग्रीस लावलं, कुठल्या मालकाने डोकं खाल्लं, काहीही. मिस्त्री फक्त "हं" म्हणत होता आणि चावीकडे बघत होता. दार उघडलं, मेहुण्याने कुलपातली चावी ओढली आणि खिशात घातली. "बंद. चावी खिशात," तो म्हणाला, आणि मग दोघंही जमिनीवर बसून राहिले.

गोळ्या कमी होत होत एकदाच्या संपल्या. दुखणं संपलं नाही. ते आजही आहे. पण आता ते मिस्त्रीला विचारून वागतं, निदान बऱ्याच वेळा.

कामावर परतायच्या पहिल्या दिवशी त्यांना नेमकी तीच इमारत मिळाली. मिस्त्री म्हणाला, "तू वर थांब, मी खाली जातो." मेहुण्याने मान हलवली. "तुम्ही वर. खाली मी."

मी मिस्त्रीच्या कंबरेला बांधलेली होते, पोटात स्वच्छ गरम पाणी. खालून हाक आली, "बंद?" मिस्त्रीने स्विच पाडला. फ्यूज उपसला. पण उत्तर दिलं नाही. तो मशीनरूमच्या बाहेर पडला आणि जिना उतरू लागला. एकेका पायरीवर कठड्याला धरून, दात आवळून. खालून पुन्हा हाक आली, "दाजी? बंद?" मिस्त्री उतरतच राहिला.

लिफ्टच्या उघड्या दाराशी पोचून त्याने हात पुढे केला आणि फ्यूज मेहुण्याच्या तळहातावर ठेवला.

"बंद," तो म्हणाला. "फ्यूज तुझ्या खिशात."

"मी तुमचा शब्द मानला असता, दाजी."

"माहीत आहे. म्हणूनच उतरलो."

मेहुण्याने फ्यूज खिशात घातला आणि कप्पीत हात घातला. दोर हलला नाही.

मित्रांनो, माझी निगा राखायला फार काही लागत नाही. उकळतं पाणी ओतू नका आणि काम झालं की मला उलटी टांगून वाळवा. पण तुमच्या घरात कुणाचं काही दुखत असेल, आणि तुम्ही विचारल्यावर ते माणूस "बरं आहे" म्हणत असेल, तर तेवढ्यावर जाऊ नका. आवाज रोजचाच असतो, जीभ सरावाची असते. चार पायऱ्या चढा, त्याच्याजवळ जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.