कंडक्टरची सोळाशे वाक्यं

सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना त्या दवाखान्यात सगळे सावकाशताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, तेवढंच. कोणी धावत येऊन सांगितलं, "ताई, प्रिंटरनं कागद गिळला," तर त्या म्हणायच्या, "सावकाश. ओढू नका." कोणी म्हणालं, "ताई, सगळंच बंद पडलं," तर, "सावकाश. आधी पंखा लावा आणि बसा." आता यावरून बाई आळशी असतील असं तुम्हाला वाटेल, तर तसं मुळीच नाही. काम देवाचं, आपण नुसते हात, असं मानणाऱ्यांतल्या त्या. आणि हातांनी आगाऊपणा करायचा नसतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता त्या दोन नव्या डिस्कची खोकी काखेत मारून आवाजपेढीत आल्या. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याला लागून दोन खोल्या होत्या, तीच ही पेढी. रक्तपेढीत रक्त ठेवतात, तसा इथे आवाज ठेवत. घशाच्या आजारामुळे ज्यांचा आवाज शस्त्रक्रियेत जाणार, ती माणसं आधी इथे येऊन माईकपुढे सोळाशे वाक्यं वाचून जात. वाक्यं अगदी घरगुती. 'पंखा जरा कमी कर.' 'गुरुवारी कोण येणार आहे?' 'भाजीत मीठ घालायला विसरलीस वाटतं.' त्या वाक्यांवरून यंत्र त्या माणसाचा आवाज शिकायचं. मग पुढे त्यानं टॅबलेटवर लिहायचं आणि टॅबलेटनं त्याच्याच आवाजात बोलायचं. ज्याचं बोलणं कायमचं मिटलं, त्याच्या घरात पुन्हा त्याची हाक ऐकू यायची. देवानं माणसाला काय काय सुचवलंय बघा.

बाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवरा बस कंडक्टर, बत्तीस वर्षं नोकरी केलेला, सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला. गळ्याला मफलर, मांडीवर पाटी. बायको त्याच्या वाट्याचंही बोलत होती.

"आलात का ताई? आमचं गुरुवारी आहे. यांचा आवाज बनवायला घेणार आहेत ना. पण आज ड्रेसिंगला आलो होतो, म्हटलं बसू इथेच जरा. घरी जाऊन तरी काय, भिंतीशी बोलायचं?"

कंडक्टरनं पाटीवर लिहिलं: 'भिंत मधे बोलत नाही.'

"बघा," बायको म्हणाली. "आवाज गेला, खोड गेली नाही."

ताई हसून आत गेल्या. नव्या डिस्क या कंडक्टरांसारख्यांसाठीच आणल्या होत्या. आवाज बनवायला जागा फार लागते, आणि जुन्या दोन डिस्क भरत आल्या होत्या, शिवाय थकल्याही होत्या. दोन्हींवर सारखंच लिहिलं जाई, एकीचं प्रतिबिंब दुसरीत. त्यामुळे काम तसं सरळ होतं. एक जुनी काढायची, तिच्या जागी नवी घालायची, उरलेल्या जुनीवरून ती भरू द्यायची, मग दुसरी बदलायची.

सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात होता, रेकॉर्डिंगच्या खोलीला भिंत लागून. ताईंनी कपाट उघडलं आणि त्यांचा हात थांबला. सर्व्हरच्या कपाळावर जखमेला लावतात तसली पांढरी पट्टी चिकटवली होती. त्यांनी ती नखानं हळूच सोलली. खाली पिवळा दिवा जळत होता.

"डॉक्टरबाई," त्यांनी हाक मारली, "याला कुठे लागलं होतं?"

आवाजपेढी चालवणाऱ्या डॉक्टरबाई हातातला चष्मा पुसत आल्या. "ते होय. अहो, फार छळलं त्यानं. अचानक टीं टीं सुरू झालं, दर दहा सेकंदांनी. भिंतीपलीकडे माईक. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये यायला लागलं. कंडक्टरांची पहिल्या दिवशीची शंभर वाक्यं पुन्हा घ्यावी लागली. मग वीजवाल्याला सांगून ती शिट्टीच काढून टाकली. दिवाही डोळ्यात जायचा, म्हणून पट्टी. यंत्र चालू होतं की व्यवस्थित."

"किती दिवस झाले?"

"सात महिने झाले असतील. थांबा, आठ होत आले."

ताईंनी डेटाबेस बंद केला, म्हणजे आता कोणी नवं काही लिहिणार नाही, आणि दोन्ही डिस्कची तब्येत पाहिली. डावी ठणठणीत, मागाल ते क्षणात देणारी. उजवी कण्हत होती. मधूनच ठक, ठक असा आवाज, आणि एकेक गोष्ट तीन तीनदा मागावी लागत होती.

"मग बरंच झालं की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजवी काढून टाका. डावी चांगली आहे, तिच्यावरून भरून घ्या. जेवणापर्यंत होईल?"

कोणीही हेच म्हटलं असतं. अकरा वर्षांपूर्वी एका शाळेत ताईंनीही हेच केलं होतं. चांगल्या दिसणाऱ्या डिस्कवरून भरून घेतलं, आणि मग कळलं की ती मधेच कधीतरी लिहायची थांबली होती. एका अख्ख्या वर्षाचे निकाल पुसले गेले. शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून ते पुन्हा भरले, आणि कोणी एक शब्द बोललं नाही. त्या न बोलण्याची आठवण ताईंना अजून होती. तेव्हापासून त्यांची एक रीत पडली. दोघींना एकत्र विचारायचं नाही. प्रत्येकीला वेगळं बसवायचं आणि एकच प्रश्न करायचा: तुझ्याकडे शेवटची नोंद कोणाची?

त्यांनी डावीला विचारलं. तिनं झटकन उत्तर दिलं. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची, एका शिंपीणबाईंची.

मग उजवीला. ती बराच वेळ ठकठकली. मग तिनं सांगितलं: गेला शुक्रवार, दुपारचे चार.

ताई खुर्चीत टेकल्या. "डॉक्टरबाई, बसा जरा. सावकाश."

"तुम्ही असं म्हणालात की मला भीती वाटते."

"समजा एका आईला दोन मुली. आई बोलेल ते दोघींनी आपापल्या वहीत उतरवायचं. एकीची वही हरवली तर दुसरीची आहे. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी थोरलीला डुलकी लागली. इथे तिची जोडणी सैल आहे, तेवढंच निमित्त. आईनं हाका मारल्या, कोणी आलं नाही. मग ती बिचारी एकट्या धाकटीलाच सांगत राहिली. धाकटी लिहून लिहून आजारी पडली. आज आपण दारात उभे. थोरली झोप काढून ताजीतवानी, धाकटी खोकतेय. आणि आपण म्हणतोय, थोरलीची वही घेऊ."

डॉक्टरबाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. "थोरलीच्या वहीत आठ महिने कोरे."

"कोरे."

"आणि आई हाका मारत होती, तर मी तिला गप्प केलं." त्यांनी खोलीकडे, माईककडे पाहिलं. "ताई, या आठ महिन्यांत सव्वीस जण येऊन गेलेत. इतरांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांना पुन्हा बोलावता येईल. पण कंडक्टरांची झाली."

म्हणजे त्या माणसाचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, या ठकठकणाऱ्या डिस्कवर.

"त्यांना आत्ता नको सांगायला," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

"का नको सांगायला?" दारातून कंडक्टरची बायको म्हणाली. या दोन खोल्यांचं दार कधी लागतच नसे. तिच्या मागे कंडक्टर उभा होता. "आम्ही काय लहान आहोत? यांच्या घशात काय आहे तेही असंच दोन आठवडे लपवलं होतं सगळ्यांनी."

डॉक्टरबाईंनी मग सगळं सांगितलं. शिट्टी, पट्टी, कोणी काढायला लावली, सगळं. सावरून घेतलं नाही. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं पाटी पुसली. सावकाश लिहिलं. 'तेव्हाच म्हटलं होतं. घंटा झाली की गाडी थांबवायची.'

डॉक्टरबाईंना आठवलं. तो खरंच म्हणाला होता, माईकपुढे बसून, स्वतःच्या तोंडानं, आणि सगळे हसले होते. आता त्यांचे डोळे भरून आले. कंडक्टरनं ते पाहिलं, घाईनं खाली आणखी एक ओळ लिहिली: 'चालतं. मीही माणसं मागे सोडून गाडी काढलीय.'

"एकदा मलाच," बायको म्हणाली. "पण आता होणार काय, ते सांगा ना."

"होईल ते देवाच्या हातानं," ताई म्हणाल्या, "पण माझ्या डोक्यात असं आहे. आठ महिन्यांपूर्वीचं सगळं थोरलीकडे स्वच्छ आहे, ते तिच्याकडून घ्यायचं. धाकटीला तेवढं तरी बोलायला लावायचं नाही. तिच्याकडून फक्त जे दुसरीकडे कुठेच नाही ते मागायचं. आणि त्यात पहिला नंबर तुमचा."

त्यांनी टेबलावरचा पंखा उचलून कपाटापाशी मांडला. नवी डिस्क जोडली. जुन्या दोघींवर आता काहीही लिहिलं जाणार नाही, नुसतं वाचायचं, अशी आज्ञा दिली. ओठांवर नाम आलं, आणि बोटानं बटण दाबलं.

पडद्यावर आकडा सरकू लागला. पस्तीस. साठ. एकशे दहा. एकेक आकडा म्हणजे एकेक वाक्य. जे वाक्य अडेल ते ताई सोडून देत आणि पुढचं घेत.

"ते राहिलं की," बायको म्हणाली.

"राहू दे. अडलेल्याला रेटलं तर ती सगळीच गप्प बसेल. सोपं आधी घेऊ, मग येऊ परत."

अकराशे बारावर आकडा थांबला, आणि या वेळी पुढचंही वाक्य येईना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ठक, ठक, मग नुसती घरघर.

"बंद करून चालू करून बघू या का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "माझ्या फोनचं होतं तसं केलं की."

"ही एकदा निजली तर उठेलच असं नाही."

"मग?"

"मग बसायचं."

बसणं हे फार अवघड काम, बरं का. हातपाय चालवणाऱ्या माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय. नुसतं बसून राहणाऱ्याला स्वतःचं काळीज ऐकू येतं. चौघं त्या जिन्याखाली बसली. कंडक्टरची बायकोसुद्धा बोलायची थांबली. ताईंचे ओठ तेवढे हलत होते. त्या काही मागत नव्हत्या. चुकीच्या क्षणी बटणाकडे जाणारा हात आवरून धर, एवढंच काय ते.

चाळीस मिनिटांनी घरघर थांबली. दोन ठोके पडले. आकडा अकराशे एकोणीस झाला, आणि मग वीस, एकवीस, भराभर.

दुपारी तीनपर्यंत कंडक्टरची वाक्यं संपली. धाकटीचा पुढचा भाग कमी थकलेला निघाला, त्यामुळे पाचपर्यंत उरलेल्या पंचवीस जणांचीही आली. मग ताईंनी सुटलेली वाक्यं पुन्हा एकदा गोडीनं मागून पाहिली. काही आली, काही नाहीच आली. तोवर दुसऱ्या बाजूनं थोरलीनं आपली जुनी वही नव्या डिस्कवर उतरवून दिली होती.

"कंडक्टरांची पंधराशे सत्त्याऐंशी आहेत," ताईंनी मोजून सांगितलं. "तेरा गेली."

"तेरानं काही अडत नाही," डॉक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. "बाराशे असली तरी आवाज छान बनतो."

"कुठली गेली?" बायकोनं विचारलं. "'चूक माझीच होती' हे वाक्य तर नाही ना गेलं?"

डॉक्टरबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "ते यादीत नव्हतंच."

"वाटलंच. असतं तरी यांनी ते वाचलंच नसतं."

कंडक्टरचे खांदे हसण्यानं हलले. त्याच्या हसण्याला आवाज नसे. ताईंनी मात्र खोक्यातल्या दुसऱ्या नव्या डिस्कला अजून हात लावला नव्हता. आधी पहिल्या नवीला वेगळं बसवलं आणि विचारलं: शेवटची नोंद कोणाची? गेला शुक्रवार, चार वाजता. नोंदी किती? मोजल्या, जुळल्या.

"आता ऐकूनच बघू," त्या म्हणाल्या. "आकडा खरा असला तरी कानानं खात्री केलेली बरी."

त्यांनी कंडक्टरचं मधलंच एक वाक्य उघडलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग भरदार, किंचित खरखरीत गळा, गर्दीच्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा:

"दार लावून घे, वारा येतोय."

कोणी उठून दार लावलं नाही. सहा महिन्यांत त्या दोघांच्या घरात असं कोणी काही सांगितलं नव्हतं. बायकोनं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "पुन्हा लावा." ताईंनी पुन्हा लावलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "बघा, हुकूमच सोडताय. गुरुवारपासून हे सुरू होणार."

कंडक्टर डोळे मिटून बसला होता. त्यानं खडू उचलला आणि लिहिलं: 'आवाज बरा आहे. ओळखीचा वाटतो.'

ताईंनी तेवढ्यात दोन्ही जुन्या डिस्क काढून कापडात गुंडाळल्या आणि तारीख घातली. वर्षभर तरी त्या फेकायच्या नव्हत्या. सगळ्या आवाजांची तिसरी प्रत वेगळी काढून ती समोरच्या इमारतीतल्या कपाटात ठेवायची, असं डॉक्टरबाईंनी स्वतःच ठरवलं. शिट्टीही परत बसवायची, पण तिची वायर लांबवून थेट त्यांच्या टेबलावर न्यायची.

"वाजली तर?" ताईंनी विचारलं.

"तर रेकॉर्डिंग थांबवीन आणि तुम्हाला बोलवीन."

मग दुसरी नवी डिस्क खाचेत बसली. पहिली तिला पहिल्यापासून सगळं सांगू लागली, शिंपीणबाई, कंडक्टर, शुक्रवारी आलेले पोस्टमन. पडद्यावर एक टक्का आला, मग दोन. जोडपं अजून बाकावरच होतं, शेवटची बस सुटायला वेळ होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, आता आपोआप होईल ना? तुम्ही निघा, दमलात."

"सावकाश," ताई म्हणाल्या आणि पंख्याचं तोंड नव्या डिस्ककडे वळवून खुर्ची पुढे ओढून बसल्या. "शंभर झाले की निघते."