डिकीतून आलेला आवाज

सकाळी आत्याच्या दारात एवढी गर्दी जमली होती, की पेपर टाकणाऱ्याला सायकल उचलून न्यावी लागली. मधोमध आत्याची जुनी निळी गाडी उभी होती आणि उघड्या बॉनेटपाशी डोळे मिटून प्रवाहस्वामी. स्वामींनी बॅटरीवरचा तारेचा क्लॅम्प पान्याने सैल केला, त्याखालून पिवळा मंतरलेला कागद ओढून काढला, क्लॅम्प पुन्हा आवळला आणि आत्याला किल्ली फिरवायची खूण केली. गाडी झटक्यात सुरू झाली. लोकांनी हात जोडले. शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कांना तर हुंदका आवरेना. पण ते परक्यांच्या लग्नातही रडतात, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही.

आदल्या संध्याकाळी स्वामींनी कागद ठेवला, तर सकाळी गाडी सुरू. ते फिरकले नाहीत, तर बॅटरी मेलेली. हे सगळं आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, वारल्यानंतर काही महिन्यांनी सुरू झालं होतं.

आत्या नर्स आहे, घरोघरी जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करते. पूर्वी काका तिला सोडायचे. ते गेल्यावर ती जिद्दीने गाडी शिकली, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी रुसायला लागली.

"आत्मा म्हणजे ऊर्जा, बॅटरी म्हणजेही ऊर्जा," स्वामी समजावत होते. "यजमान रात्री येतात आणि ऊर्जा पिऊन जातात. बाईमाणूस त्यांच्या जागी बसतं, ते त्यांना खपत नाही. परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलंय."

"कुठल्या शास्त्रज्ञांनी?" मी विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असले प्रश्न विचारायची मला खोड आहे.

"त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय."

यावर उपाय एकच होता. रविवारी गाडी स्वामींच्या आश्रमाला देऊन टाकायची. आश्रमात आत्मा शांत होणार होता आणि गाडी स्वामी चालवणार होते.

मला गाडीची काळजी नव्हती. स्वयंपाकघरात आत्या हळूच म्हणाली, "ते माझ्यावर रागावलेत गं. जन्मभर कधी आवाज चढवला नाही, आणि आता हे." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

शनिवारी संध्याकाळी स्वामी कागद ठेवून गेले. त्यांची पाठ वळताच मी तो काढला आणि त्या जागी नववीच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिकेचा तुकडा सरकवला. रविवारी सगळ्यांसमोर स्वामींनी न बघताच तो खेचला आणि गाडी सुरू झाली.

"मंत्राचा प्रभाव," हेडक्लार्क गहिवरले.

"जरा वाचून दाखवा ना मंत्र," मी म्हटलं.

हेडक्लार्कांनी स्वामींच्या हातातला कागद घेऊन चष्मा लावला. "ओहमचा नियम लिहा. गुण दोन."

गर्दीत खसखस पिकली. स्वामी जराही डगमगले नाहीत. "विद्या हाही मंत्रच आहे, ताई."

"मंत्र कसला, तो साधा कागद आहे. कागदातून वीज जात नाही. क्लॅम्पखाली तो घातला की बॅटरी गाडीपासून तुटते, मग रात्रभर वीज खाणार कोण? आत्म्यासाठीच असता, तर तुम्ही तो आरशाला बांधला असता. बरोब्बर क्लॅम्पखालीच का घालता?"

मग मी इंजिन बंद करायला लावलं, दारं, डिकी लावून घेतली आणि कागदाच्या जागी शाळेतला वीजप्रवाह मोजायचा मीटर जोडला. किल्ली आत्याच्या हातात होती, तरी काटा वर चढला.

"कोणीतरी वीज पितंय खरं," मी म्हटलं. "आत्या, एकेक फ्यूज काढ."

आत्याने बॅगेतून जखमा साफ करायचा चिमटा काढला आणि शांतपणे कामाला लागली. हॉर्नचा फ्यूज काढला, काटा ढिम्म. रेडिओचा काढला, तरी तसाच. डिकीतल्या दिव्याचा काढला, आणि काटा धपकन शून्यावर आला. परत बसवला तर पुन्हा वर.

"पण डिकी लावली की तो दिवा विझतो," हेडक्लार्क म्हणाले.

"बघितलंय कोणी?"

बघितलं कोणीच नव्हतं. मग मीच डिकीत शिरले, गुडघे हनुवटीला टेकवले आणि आत्याला झाकण लावायला सांगितलं. तेवढ्यात मागच्या गल्लीतून आणखी माणसं येऊन पोचली, हे मला आतून काय दिसणार? मी जीव खाऊन ओरडले, "चालूच आहे! रात्रंदिवस चालू आहे! मला बाहेर काढा!"

नव्या माणसांना वाटलं डिकीतून आत्माच बोलतोय, आणि बाहेर एकच पळापळ झाली. एक गृहस्थ कुंपणावर चढले. उघड्या बॉनेटआड असलेले स्वामी, ज्यांची आत्म्यांशी रोजची उठबस, ते सगळ्यांत पुढे धावत होते. ते परत आलेच नाहीत.

आम्ही डिकीच्या झाकणाचा पत्रा उघडला. दिव्याच्या बटणाकडे जाणारी वायर कधीतरी तुटली होती आणि काकांनी ती जोडली होती. जोडावर त्यांनी टेप म्हणून गुंडाळली होती जखमेवरची पांढरी चिकटपट्टी. ती सुटून उघडी तार पत्र्याला टेकली होती. त्यामुळे वीज बटणाला वळसा घालून पत्र्यातूनच वाहायची आणि झाकण लावलं तरी दिवा पेटलेलाच राहायचा.

आत्या त्या पट्टीकडे बघत राहिली. "माझ्या बॅगेतली आहे. नाहीशी व्हायची आणि हे म्हणायचे, तूच कुठेतरी विसरलीस." ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "रागावले नव्हते गं ते. नुसते आळशी होते."

बॅटरी उतरते तेव्हा कुठूनतरी वीज वाहत असते, आणि ती जागा शोधता येते. शोधायचा कंटाळा असेल, तर खुशाल गाडी ढकला. पण जो माणूस आता बोलू शकत नाही, त्याच्या तोंडी कोणी राग घालायला लागलं, तर त्याच्याकडे आधी पुरावा मागा.

आत्याने जोडावर नीट टेप गुंडाळला, मीटर काढून क्लॅम्प आवळला, हात पुसले आणि काकांच्या जागी बसली.

"बाजूला व्हा जरा," ती गर्दीला म्हणाली. "माझे पेशंट खोळंबलेत."