बाबांची दोन बोटं

मी एक जुनी सुई आहे, मित्रांनो. शिवणकामाची नव्हे हं, रेकॉर्ड वाजवणारी! माझ्या टोकाला मोहरीहून बारीक हिरा आहे, आणि स्वभाव जन्मापासूनच भित्रा. कसा नसेल? जिला गायला लावायचं, तिलाच मी खरवडते.

तरुणपणी माझं कौतुक काही कमी झालं नाही. घरी पाहुणे आले की आधी मला हळूच फुंकर मारून साफ करायचे. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या, आणि मी अठरा वर्षं कपाटात पडून राहिले. कुत्रंसुद्धा विचारीना.

गेल्या रविवारी आमच्या घरच्या बाबांच्या लेकीने आमचा रेकॉर्ड प्लेअर बाहेर काढून कॉम्प्युटरला जोडला. बाबा पूर्वी रेकॉर्डिंग स्टुडिओत मेकॅनिक होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. आता तो उरला होता फक्त एका काळ्या तबकडीवर. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगच्या यंत्राची चाचणी घेताना ते तोंडाला येईल ते बोलले होते, तेवढंच. तबकडीवरच्या, आवाज कोरलेल्या थराला पोपडे आलेले. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा देव जाणे! आणि वाजवणार कोण, तर मी. माझी पाचावर धारण बसली.

लेकीने मला कडेच्या कोऱ्या भागावर टेकवलं. स्पीकरमधून नुसतं घुंऽऽ!

"अगं बाई!" तिने झटकन मला उचललं. "बाबा, तुमच्या आवाजाऐवजी ही घुंघुंच कॉम्प्युटरमध्ये भरून बसेल की!"

बाबांनी प्लेअरच्या मागे हात घालून चाचपलं. अर्थिंगची तार मुळापासून तुटली होती. त्यांनी क्षणभर विचार केला, मग एक बोट आमच्या लोखंडी पट्टीवर ठेवलं आणि दुसरं कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीवर. घुंऽऽ बंद! तार नाही तर नाही, माणूस तर आहे! त्यांनी मानेने खुणावलं, लाव.

"हात हलवू नका हं, बाबा. खोकला आला तरी."

मी जीव मुठीत धरून उतरले. माझ्यामागे थर सुटत होता, मला कळत होतं. थांबता येत नव्हतं. घसरले असते तर? बाबांचं बोट सुटलं असतं तर?

"एक, दोन, तीन... काय बोलू आता? चिमणे, जेवलीस का गं?"

बाबांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. बोटं मात्र जागची ढळली नाहीत. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं, पण पुसायला हात मोकळा कुठे होता? लेकीनेच आपल्या बाहीने ते पुसलं.

"हो बाबा," ती म्हणाली, "जेवले."

ती तबकडी आता पुन्हा वाजणार नाही. आवाज कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहे. तरी माझी धाकधूक जात नाही, म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो. घरात कुणी हाक मारली, तर पहिल्याच हाकेला ओ द्या. दुसरी येईलच असं नाही.