हादीची पत्रं

स्फॅक्स शहरात, बंदरामागच्या गल्लीत वसीलाचं आणि माझं घर समोरासमोर. तिचा नवरा हादी मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. बारा वर्षं तो जाईल त्या बंदरातून तिला ईमेल लिहायचा. तो वारला त्याला तीन वर्षं झाली. सकाळच्या कॉफीबरोबर त्यातली एक वाचायची, हा तिचा नेम होता.

मार्चमध्ये तिला एक ईमेल आली. तुमचा मेलबॉक्स भरलाय, चोवीस तासांत जुनी पत्रं पुसली जातील, जपायची असतील तर खाली पासवर्ड द्या. तिनं दिला. दुपारी खातं उघडेना, तेव्हा ती फोन घेऊन माझ्याकडे आली. ते पान अजून उघडंच होतं.

"वसीला, हे ईमेल कंपनीचं पान नाही गं. वरचा पत्ता बघ. नावात एक अक्षर जास्त आहे."

"चष्मा लावला होता मी," ती म्हणाली. "पण पुसणार म्हणाले ना. पुढचं काही दिसलंच नाही."

आम्ही कंपनीला चार वेळा लिहिलं. खातं तुमचंच आहे हे पटवायला नोंदवलेल्या नंबरवर आकडे पाठवतो, असं उत्तर आलं. तो नंबर हादीचा होता. तो गेल्यावर तिनंच बंद केला होता.

तिसऱ्या दिवशी बिझर्तहून तिचा दीर तुहामी फोनवर आला.

"वहिनी, तुमच्या नावानं ईमेल आलीय. 'प्रिय मित्र, अडचणीत आहे, सोबतची फाइल उघड.' मी हात नाही लावला. तुम्ही मला आळशी बोकडाशिवाय कधी काही म्हटलंय का?"

वसीला हसली. मग फोन माझ्या हातात देऊन आत गेली. मी तुहामीला सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्या नातेवाइकांना सावध केलं.

पंधरा दिवसांनी तो स्वतः आला. हादीनं त्याला पाठवलेल्या एकोणीस ईमेल त्यानं छापून आणल्या होत्या.

"माझ्याकडे एवढ्याच आहेत, वहिनी."

तिनं तिथंच बसून सगळ्या वाचल्या. इंजिनाचं तेल, फुटबॉल, आईचे गुडघे. तिचं नाव एकाच ठिकाणी होतं. ती ओळ तिनं आम्हाला वाचून दाखवली.

"'बाकी वसीलाला सविस्तर लिहिलंय. तिला विचार.'"

तुहामीनं काही विचारलं नाही.