वरचे पंचवीस

"कार्डाने भराल तर वर शुल्क लागेल, मावशी. शेकडा दोन, आणि कमीत कमी पंचवीस."

"लागू दे."

"रोख भरलंत तर काहीच लागत नाही."

"माहीत आहे, दादा. तुम्ही कार्ड घ्या."

रांगेत मागे उभा असलेला माणूस हसला. "पैसा वर आलाय काकूंचा," असं काहीतरी पुटपुटला. मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मशीनमध्ये कार्ड घातलं, त्यांनी चार आकडे दाबले, पावती निघाली. पावतीवर सगळ्यात शेवटी शुल्काची ओळ वेगळी छापलेली असते. लोक ती ओळ बघून तोंड वाकडं करतात. मावशी मात्र नेमकी तीच ओळ आधी बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या.

माझी खिडकी दोन नंबरची. वीज, पाणी आणि गॅस, तिन्ही बिलं इथे भरता येतात. एकोणीस वर्षं मी या काचेमागे बसतो आहे. काचेखालच्या फटीतून हात येतात आणि जातात, त्यामुळे चेहऱ्यांपेक्षा हातच माझ्या जास्त ओळखीचे. मावशींच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं त्यांनी चादरींना इस्त्री केली होती. हे मी त्यांना विचारलं ते त्यांच्या घड्या बघून. बिल असो की पावती, कोपऱ्यावर कोपरा ठेवून अशी घडी घालायच्या, की उलगडायचं मन होऊ नये.

आणखी एक गोष्ट. आमच्या कार्यालयाचं दार आपोआप लागत नाही. माणूस लोटून आत येतो, दार उघडंच राहतं आणि रस्त्यावरची धूळ सरळ माझ्या टेबलावर येऊन बसते. 'दार ओढून घ्या' अशी पाटी लावून झाली, ती पाटीही धुळीने भरली. मावशी तेवढ्या येता-जाता दार ओढून घ्यायच्या. एवढ्यावरूनच त्या मला आवडायला लागल्या होत्या.

पण शहाणपणाच्या बाबतीत मी त्यांना फारसे गुण दिले नव्हते. तीन बिलं एका फेरीत भरता येत असताना त्या महिन्यातून तीनदा यायच्या. विजेचं पाच तारखेला, पाण्याचं बाराला, गॅसचं वीसला. दर वेळी कार्ड, दर वेळी वर शुल्क. त्यात रांगेत लवकर येऊन उभ्या राहायच्या आणि नंबर आला की मागच्याला म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." असे चार-पाच जण पुढे सोडून झाले, भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली, की मगच खिडकीशी यायच्या. मी त्यांना भिडस्त ठरवलं. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी विसरभोळ्या ठरवलं. काचेमागे बसलं की माणूस लोकांचे निकाल फार झटपट लावतो.

बिल भरून झालं की मावशी समोरच्या बाकावर बसायच्या. पाच मिनिटांत फोन वाजायचा.

"हो रे… अरे, राहिलंच लक्षात नाही… पंचवीसच गेले रे, काय एवढं… बरं बाबा, पुढच्या वेळी रोख भरीन. तुझा चहा झाला का? … आणि खोकला? … नाही, मी आपलं विचारलं."

मुलगा लांबच्या देशात नोकरीला होता. कार्ड त्याच्याच खात्यावरचं, आईला दिलेलं. तो पलीकडून रागवायचा, आणि इकडे मावशींच्या चेहऱ्यावर असं काही उमलायचं की मी पैसे मोजता मोजता आकडा विसरायचो. बोलणं जेमतेम तीन-चार मिनिटांचं. मग त्या उठायच्या, माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि दार ओढून घेऊन जायच्या.

एका पाच तारखेला त्या बाकावरून उठून फोन कानाला लावूनच परत खिडकीशी आल्या. "हा म्हणतोय तिथल्या साहेबांना दे." आणि फोन फटीतून आत सरकवला.

मुलाचा आवाज चांगला होता. समजूतदार, जरा थकलेला. म्हणाला, "साहेब, पैशाचं काही नाही, पण दर महिन्याला हे फुकटचे जातात. तिला सांगून उपयोग नाही. तिचं वयही झालंय. शुल्क न लागता भरायची काही सोय आहे का?"

सोय होती. एकोणीस वर्षांत मला सोय विचारणारा माणूस विरळा, शिव्या देणारेच जास्त. मला हुरूप आला. म्हटलं, एक अर्ज भरायचा, तिन्ही बिलं दर महिन्याला तुमच्या खात्यातून थेट वळती होतील, शुल्क शून्य. आत्ता करून देतो.

"फार उपकार होतील," तो म्हणाला.

मावशी म्हणाल्या, "राहू द्या हो. कशाला तुम्हाला त्रास?"

"त्रास कसला? इथे सही करा."

त्यांनी अर्ज हातात घेऊन बराच वेळ बघितला. "म्हणजे मग मला यायलाच नको?"

"अजिबात नको. घरी आरामात बसा."

त्यांनी सही केली. सहीखाली तारीख घालताना एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मागे नऊ माणसं उभी होती आणि मी एका म्हातारीचं भलं केल्याच्या आनंदात होतो. त्या दिवशी डबा खाताना शेजारच्या बाईंना मी ही गोष्ट दोनदा सांगितली.

पुढचा महिना मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात, पाच तारखेला, मी मान वर केली तर रांगेत त्या. दोघांना पुढे सोडलं, तिसऱ्याला सोडलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी खिडकीशी आल्या आणि घडी घातलेलं बिल आत सरकवलं.

"बघा जरा. काही राहिलंय का?"

"काही नाही, मावशी. तिन्ही बिलं परवाच भरली गेली. बाकी शून्य."

"बघा ना, एखाद वेळेस चुकून…"

"चुकत नाही ते. मी स्वतः केलंय."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच केलंत."

रागाने नाही म्हणाल्या. पण त्या बिल घेईनात आणि खिडकीही सोडेनात. मागे कुणी नव्हतं. मी विचारलं, "मुलगा बरा आहे ना?"

"बराच असणार. दोन महिने फोन नाही." त्यांनी भाजलेल्या मनगटावरून अंगठा फिरवला. "सगळं ठीक असलं की तो फोन करत नाही. त्याचंही बरोबरच आहे. कामाचा माणूस. पण इथे बिल भरलं की त्याला मेसेज जायचा. शुल्काचा आकडा बघितला की चिडायचा आणि चिडला की लगेच फोन करायचा. अकरा-दहाला तिकडे त्याचा चहा चाललेला असतो. साडेअकराला निघतो कामाला. एकदा निघाला की मग राहूनच जातं."

मी त्यांचं बिल हातात धरून बसलो.

"दुकानात कार्ड वापरून बघितलं. मेसेज जातो, पण तिथे वर काही लागत नाही. मग तो कशाला चिडेल?"

"तुम्ही का नाही करत फोन?"

"करते ना. उचलतो, आणि म्हणतो, आई, काही काम होतं का?" मावशी थोडं हसल्या. "काम नसतं हो."

मला लाज वाटली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. माझ्याच पेनाने, माझ्याच हुशारीने, मी या बाईचे महिन्याचे तीन फोन बंद करून टाकले होते आणि वर डबा खाताना त्याची फुशारकी मारली होती.

"अर्ज रद्द करता येतो," मी म्हणालो.

"नको. मग तो विचारेल का रद्द केलास. काय सांगू?"

तेवढ्यात मला सुचलं. "मावशी, आगाऊ भरता येतात पैसे. पुढच्या बिलापोटी. कितीही चालतात. दहासुद्धा."

"आणि शुल्क?"

"कमीत कमी पंचवीस."

दहावर पंचवीस. त्या खुदकन हसल्या. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आता तर चांगलाच चिडेल." आणि पर्समधल्या प्लास्टिकच्या पाकिटातून कार्ड काढताना त्यांच्या बोटांची घाई मी पहिल्यांदाच पाहिली.

मी मशीनमध्ये कार्ड घातलं. नेहमीचं वाक्य मी बोललो नाही. पावती निघाली. त्यांनी शेवटची ओळ बघितली, मान हलवली, आणि बाकावर न जाता खिडकीशीच उभ्या राहिल्या. फोन दोघांच्या मधे, काचेच्या कडेला ठेवला. अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती. शेजारच्या बाई मला काहीतरी विचारत होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं. परीक्षेच्या निकालासाठीही मी असा कधी ताटकळलो नव्हतो.

फोन वाजला नाही. नुसता थरथरला, एकदाच.

मावशींनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत वाचला. मग फटीतून माझ्याकडे दिला. "मी नीट वाचलं का, बघा."

मुलाने लिहिलं होतं, 'आई, बिलं तर आता आपोआप भरली जातात, तरी तुझ्या कार्डावर कुणीतरी दहाचा व्यवहार केलाय. चोर आधी अशीच छोटी रक्कम काढून बघतात. मी कार्ड बंद केलंय, नवीन पाठवतो. तुला काही करायचं नाही. काळजी करू नकोस.'

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पण वर बघायचं धाडस होत नव्हतं.

"नीटच वाचलंत," मी म्हणालो. "मी बोलू का त्याच्याशी? सांगतो, की चोरबीर कुणी नाही, मीच…"

"नको, दादा." त्यांनी फोन परत घेतला. "किती लगेच लक्षात आलं बघा त्याच्या. लहानपणापासून असाच आहे. गणितात एक चूक नाही." बंद झालेलं कार्ड त्यांनी पुसलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि पर्समध्ये होतं तिथेच ठेवलं. "नवीन यायला किती दिवस लागतात?"

"पंधरा-वीस दिवस."

"आलं की विचारेल ना, मिळालं का म्हणून?"

"विचारेलच की," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत या खिडकीतून मी इतक्या खात्रीने काही सांगितलं नव्हतं, आणि तो खरंच विचारेल की नाही हे मला ठाऊकही नव्हतं.

त्यांनी पावतीची घडी घातली, कोपऱ्यावर कोपरा. मग बाकावर जाऊन बसल्या, फोन मांडीवर उताणा ठेवून. माझ्यापुढे रांग लागली. हात येत होते, जात होते. अधूनमधून मी घड्याळ बघत होतो, आणि मावशीही बघत होत्या.

साडेअकरा झाले तशा त्या उठल्या. फोन पर्समध्ये टाकला, माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. बाहेर पडल्या आणि दार ओढून घेतलं. ते नीट लागलं नाही, म्हणून परत थोडं उघडून पुन्हा ओढलं.