खरवडलेली निळी रेघ

मित्रांनो, मी नदीकाठच्या एका गावाचा जुना नकाशा आहे. तुम्ही वाचनालयात येता, माझ्या काचेला नाक लावता आणि आपापलं घर शोधता. मला फार बरं वाटतं. पण माझ्या मनातलं शल्य तुम्हाला ठाऊक नाही.

मला एका तरुण नकाशेकाराने काढलं. चिखल तुडवत तो गावभर हिंडला. म्हाताऱ्या नावाड्याने त्याला होडीतून फिरवलं आणि मोठ्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं, ते वल्ह्याने दाखवलं. तिथे माझ्या अंगावर एक निळी तुटक रेघ उमटली. त्या रेघेचा मला भारी तोरा होता. घर बांधणारे, रस्ता आखणारे, सगळे आधी तीच बघायचे.

पुढे नकाशेकार साहेब झाला. नदीकाठची जमीन घरांसाठी विकायचं ठरलं आणि माझी रेघ सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. ज्या हाताने ती काढली होती, त्याच हाताने साहेबाने ती ब्लेडने खरवडली. वर नखाने घासून जागा गुळगुळीतही केली. परक्याने केलं असतं तर मी सोसलं असतं.

थोड्याच दिवसांत नावाड्याची मुलगी त्याच जमिनीबद्दल विचारायला कचेरीत आली. नावाडी तेव्हा हयात नव्हता.

"बाबा म्हणायचे, तिथे पाणी चढतं. घर बांधू की नको?"

"तुमच्या बाबांनी दाखवलेलं सगळं यात आहे, ताई," साहेब म्हणाला. "मीच काढलाय. बघा, दिसतंय का कुठे पाणी?"

तिने मला नीट न्याहाळलं. "मग बाबांचीच काहीतरी गल्लत झाली असेल," ती म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं, पण नकाशाला कुठलं आलंय तोंड!

काही वर्षांनी पूर आला. तिचं घर वाहून गेलं, माणसं कशीबशी वाचली. ती पुन्हा कचेरीत आली, तेव्हा साहेबाने सरळ हात वर केले. "नकाशाच चुकीचा निघाला हो."

"या कागदापायी मी माझ्या बापाला खोटं ठरवलं," ती म्हणाली.

पुढे मला कचेरीतून या वाचनालयात आणून लावलं. ती इथे पुस्तक बदलायला येते, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. फक्त एकदा मला चौकटीतून काढून खिडकीपाशी धरा. खरवडलेल्या जागी कागद विरळ झालाय, तिथून उजेड येतो. ती रेघ तिला दाखवा आणि सांगा, तुमचे बाबा बरोबर होते.